भालेराव बाईंची चुन्याची रेघ

बाई,

तुमच्यासाठी आजवर मी जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकेतच लिहिलं, आणि त्यात तुम्ही मला पस्तिसाच्या वर कधी जाऊ दिलं नाहीत. एकदा तर तेहतीसच दिलेत आणि खाली लाल शाईनं लिहिलंत, 'रशीद, दोन गुण तुझ्या अक्षरानं खाल्ले.' म्हणून आज लिहायला बसताना बायकोला, शमीमला, आधी चांगलं पेन मागितलं. ती म्हणाली, "बाई आता तपासणार आहेत का?" मी म्हणालो, "त्यांचं काही सांगता येत नाही."

तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. तुमचा जन्म कधीचा, नोकरी किती वर्षांची, पदव्या कोणत्या, हे सगळं तुमच्या भाचीनं, प्रज्ञानं, फोटोखालच्या फलकावर नीट छापून घेतलंय. ते मी परत लिहीत नाही. हे कुठं छापून आलंच तर अनोळखी वाचणाऱ्याला एवढं पुरे की तुम्ही आम्हाला नारायणगावात भूगोल शिकवायच्या, आणि मी वारूळवाडीतला तुमच्या घरापासून तीन गल्ल्यांवरचा रशीद, जेसीबीचा मालक आणि ड्रायव्हर दोन्ही.

नववीत वाऱ्याचं काम तुम्ही वर्गात शिकवलंच नाहीत. उन्हाळा तोंडावर आला होता, रानोमाळ कांदा काढणी चाललेली. शाळेच्या गच्चीवर तुम्ही एक जुनं धोतर ओलं करून अंथरलंत, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्यात आणि आम्हाला रोज त्यावर पाणी शिंपडायला लावलंत. आठव्या दिवशी ते वाळवून झटकलं तर ओंजळभर माती निघाली, पिठासारखी बारीक.

"ही कुणाच्या तरी रानातली आहे," तुम्ही म्हणालात. "न विचारता आली. अशीच हजारो वर्षं येत राहिली तर काय होईल?"

मी मागून म्हणालो, "बाई, मग आम्ही रोज वर्ग झाडतो ते कशाला? वारा परत आणून टाकणारच की."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि पुढचा महिनाभर वर्ग झाडायची पाळी माझ्याकडं लावून दिलीत.

दरड कशी कोसळते तेही तुम्ही असंच दाखवलंत. फळीवर ओल्या वाळूचा डोंगर केलात, त्याच्या अंगावर काडेपेटीची घरं ठेवलीत. वरून तांब्याभर पाणी ओतलंत, डोंगर उभाच राहिला. मग पायथ्याची जराशी वाळू बोटानं काढून घेतलीत आणि पुन्हा तांब्या ओतलात. सगळा डोंगर घरांसकट बसला. तुम्ही म्हणालात, "पडताना वरचं दिसतं. पण बघायचं ते पायथ्याला." परीक्षेत प्रश्न आला, दरड का कोसळते? मी लिहिलं, 'बाईंनी बोट लावल्यामुळे.' त्याला तुम्ही अर्धा गुण दिलात. का दिलात ते विचारायचं राहूनच गेलं.

शाळा सुटली, मी आधी ट्रॅक्टरवर गेलो, मग जुनी जेसीबी घेतली. मशीन घरी आणली त्या संध्याकाळी तुम्ही बघायला आलात. तिच्याभोवती एक चक्कर मारलीत, पुढच्या बकेटचे दात हातानं चाचपलेत आणि शमीमला म्हणालात, "पुस्तकात जमिनीचं रूप बदलणारी पाच कारकं आहेत. नदी, वारा, हिमनदी, समुद्राच्या लाटा आणि जमिनीखालचं पाणी. हा तुझा नवरा सहावा."

मी फुशारून म्हणालो, "बाई, वाऱ्याला हजार वर्षं लागतात ते मी दुपारपर्यंत करतो."

"म्हणून तर भीती वाटते," तुम्ही म्हणालात. "वाऱ्याला विचारता येत नाही, का रे बाबा उडवलंस? तुला विचारता येतं."

तो वाद आपण शेवटपर्यंत घातला. मी म्हणायचो की नदी काय आणि मशीन काय, दोघं माती इकडची तिकडं करतात. तुम्ही म्हणायच्या की मग तुझ्या नावाचा धडा पुस्तकात का नाही? मी म्हणायचो, पुस्तक जुनं आहे. ह्यावर तुम्ही चहा मागवायच्या.

बोरी बुद्रुकला तुम्ही मला पिकअप घेऊन नेलंत तो दिवस मी कितीदा सांगितला असेल! मला वाटलं काही सामान आणायचंय. तुम्ही मला कुकडी नदीच्या काठाला उतरवलंत, साडीचा पदर खोचलात आणि घळीच्या भिंतीतल्या एका फिकट पट्ट्यावर हात ठेवलात. तो पट्टा वरच्या-खालच्या मातीपेक्षा वेगळा होता. चिमूटभर माझ्या तळव्यावर टाकलीत. पावडरीसारखी मऊ, पण बोटांत चोळली की खरखरीत.

तेवढ्यात रानातून एक शेतकरी आला. "काय शोधताय बाई? सोनं-बिनं घावलं का?"

"नाही हो, राख."

"राखंसाठी इथवर आलाय? राख तर आमच्या चुलीत बी लई हाय!"

तुम्ही त्याला बांधावर बसवून सांगितलंत की ही राख ह्या मुलखातली नाही. समुद्रापलीकडं, पार सुमात्रा बेटावर एक ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळात गेली, ती वाऱ्यानं इथवर आणली आणि पावसापाण्यानं नदीच्या काठाला गोळा केली. त्या माणसानं पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजी पावणीच म्हणायची." आणि आपल्याला घरी नेऊन उसाचा रस पाजला. त्याची बायको म्हणाली की ह्या मातीनं भांडी लई झकास निघतात. तेही तुम्ही वहीत लिहून घेतलंत.

येताना मी विचारलं, "बाई, किती जुनी असेल ती राख?"

"त्यावर मोठ्या मोठ्या माणसांची भांडणं चालू आहेत. आपण मध्ये पडायचं नाही," तुम्ही म्हणालात, आणि नारायणगाव येईस्तोवर ती भांडणं मला दोन्ही बाजूंनी समजावून सांगितलीत.

मग तुम्ही निवृत्त झालात. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात एक अख्खं गाव डोंगराखाली गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यावर तुम्ही जास्त कधी बोलला नाहीत. फक्त पिशवी भरलीत आणि आठवड्यातून दोनदा एसटीनं पश्चिमेकडं जायला लागलात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांवर. पिशवीत काय असायचं ते मला ठाऊक आहे: पाण्याच्या बाटल्या कापून केलेली पर्जन्यमापकं, खडू, मोजपट्टी, आणि पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या. लोकांना तुम्ही चार खुणा शिकवायच्या. जमिनीला भेग पडते का, झाडं कलतात का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, घराचं दार आपोआप अडकायला लागतं का.

भोकरवस्तीत तुमची बाटली हिराबाईच्या अंगणात होती. अकरा घरांची वस्ती, त्यात सगळ्यात वरचं घर हिराबाईचं. ती एकटी राहायची, एक म्हैस आणि दोन खाचरं भात. लिहिता येत नव्हतं, तर तुम्ही बाटलीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. रोज सकाळी ती तुम्हाला फोन करून सांगायची, "आज निळ्याच्या वर हाय," नाहीतर "आज पिवळ्याला बी शिवलं न्हाई." तुम्ही तो आकडा वहीत उतरवायच्या आणि मग दोघी अर्धा तास म्हशीबद्दल बोलायच्या.

त्याच वस्तीचा रस्ता करायचं काम माझ्याकडं आलं.

आता बाई, इथून पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अर्धं तुम्हाला माहीत आहे, अर्धं माझ्यापाशीच राहिलं.

उन्हाळा होता. मी वस्तीच्या खालून डोंगर कापत वर येत होतो. तुम्ही सकाळच्या एसटीनं आलात आणि माझ्या मशीनसमोर एका दगडावर छत्री उघडून बसलात. मी इंजिन बंद केलं.

"रशीद, रस्ता इथून दहा पावलं खाली घे."

"खाली कातळ आहे, बाई. तो फोडायला ब्रेकर लागेल. माझ्याकडं ब्रेकर नाही."

"मग ब्रेकर येईपर्यंत थांब."

"ठेकेदार थांबणार नाही. पावसाच्या आत रस्ता पाहिजे. वस्तीलाच पाहिजे! आजारी माणूस झोळीत घालून नेतात हे लोक."

"रस्ता नको असं मी म्हटलं का? ह्या डोंगराचा पायथा कापू नको म्हणतेय. वाळूचा ढीग विसरलास?"

"बाई, तो ढीग होता. हा डोंगर आहे."

तुम्ही छत्री मिटलीत. हिराबाईकडून पोतंभर चुना आणवलात आणि स्वतः उतारावर चालत रेघ मारलीत. पाय घसरत होते, रेघ नागमोडी झाली. म्हणालात, "एवढ्याच्या आत राहा. हिच्या वर एक दात लावायचा नाही. शब्द दे." मी शब्द दिला. तुम्ही दुपारच्या गाडीनं गेलात.

वळणावर गाडी वळेना, बाई. तुमच्या रेघेच्या आत राहून ट्रक वळत नव्हता. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा रेघेच्या वर बकेट घातली. आठ-दहा पावलं लांब आणि हातभर खोल. एवढ्यानं काय होतंय असं वाटलं. मग उरलेला चुना घेतला आणि नव्या कडेला नवी रेघ मारली.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "रेघेच्या आत राहिलास ना?"

"हो बाई," मी म्हणालो.

त्या वर्षी पाऊस कसा झाला ते सगळ्यांना आठवतंय. भाताची लावणी उरकली होती. एके दिवशी सकाळी सहाला तुमचा फोन. "मशीन कुठं आहे?"

"घोडेगावात."

"मी नारायणगावच्या स्टँडवर उभी आहे. मला घ्यायला येऊ नकोस, वेळ जाईल. मशीन घेऊन थेट भोकरवस्ती गाठ. बाटली भरून वाहतेय आणि झरा लाल झालाय. हिराबाईचं दार लागत नाही."

दार लागत नाही हे ऐकलं आणि मी किल्ली घेऊन धावलो. मशीन कशी काढली ते मला आठवत नाही. मी पोचलो त्याच्या तासाभरानं तुम्ही दुधाच्या गाडीत पुढं बसून आलात. वाऱ्यानं छत्री उलटी झालेली, चष्म्यावर पाणी, पायात शाळेत घालायच्या त्याच चपला.

दहा घरं तुमच्या एका शब्दावर निघाली. वर्षभर बाटलीच्या रंगीत पट्ट्या बघत होती ती माणसं, त्यांना भाषण लागलं नाही. म्हातारी माणसं आणि लहान पोरं मी मशीनच्या केबिनमध्ये दोन-दोन करून नेली. शेळ्या आणि कोंबड्यांच्या पाट्या बकेटमध्ये घातल्या. पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर जिल्हा परिषदेची शाळा होती, तिथं सगळ्यांना ठेवलं. अडली ती हिराबाई.

"माझी म्हस आजउद्याला व्यायची हाय," ती म्हणाली. "अशी चिखलातनं चालवली तर रेडकू जाईल. तुमी जा. मी न्हाई येत."

तुम्ही तिच्या उंबऱ्यावर बसलात. "बरं. मग मीही इथंच."

"बाई, तुमी का बसताय? तुमचं काय हाय इथं?"

"माझी बाटली आहे."

हिराबाईनं कपाळावर हात मारला. मग उठली, म्हशीचं दावं सोडलं आणि तोंडानं शिव्या देत निघाली. तुम्हाला नाही, पावसाला. पुढं तुम्ही उलटी छत्री धरून, मागं म्हैस, मागं हिराबाई, आणि सगळ्यांच्याही पुढं वाट सपाट करत मी. त्या म्हशीसाठी मी जेवढी नाजूक मशीन चालवली तेवढी आजवर कधी चालवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर आला.

तुम्ही, मी आणि वस्ती, सगळे शाळेच्या ओट्यावर होतो. आधी घरघर ऐकू आली, मला वाटलं मशीन चालू राहिली. मग समोर बघितलं. झाडं उभीच्या उभी चालत खाली येत होती. हिराबाईचं घर जागच्या जागी फिरलं आणि दिसेनासं झालं. त्याच्या खालची चार घरं गेली. माझा रस्ता गेला. ओल्या मातीचा वास इतका दाट आला की पोरं खोकायला लागली. मग सगळं थांबलं आणि नुसतं पाणी वाहायचा आवाज राहिला.

कुणी रडेना. तेव्हा तुम्ही पिशवीतून वही काढलीत आणि हजेरी घ्यायला लागलात. एकेकाचं नाव, मोठ्यानं, शाळेत घ्यायच्या तशी. म्हातारी माणसंसुद्धा "हजर" म्हणत होती. पुरी झाल्यावर तुम्ही पुन्हा पहिल्या नावापासून सुरू केलीत. दुसऱ्या खेपेला हिराबाईचं नाव घेतलंत आणि नेमकी त्याच वेळी वऱ्हांड्यात बांधलेली म्हैस हंबरली. हिराबाई म्हणाली, "ती बी हजर हाय, बाई." मग जे हसू फुटलं, बाई! हसता हसता सगळी वस्ती रडायला लागली. संध्याकाळी म्हैस व्याली. रेडी झाली. वस्तीनं तिचं नाव तुमचं ठेवायचं ठरवलं, तुम्ही कसंबसं ते टाळलंत आणि 'हजेरी' नावावर तडजोड झाली.

मी मात्र पलीकडं जाऊन उभा होतो. डोंगर कुठून सुटलाय ते तिथून दिसत होतं. मी कापलेल्या त्या आठ-दहा पावलांच्या वरूनच. तुम्ही मागून आलात. माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही एवढंच म्हणालात, "पाऊस लई झाला रे."

तुम्ही 'लई' कधी म्हणत नव्हतात. मी ते वाक्य घट्ट धरून बसलो. लोक विचारायचे तेव्हा मीही तेच सांगायचो, पाऊस लई झाला.

त्यानंतर वस्तीला नवी जागा मिळाली. कुठं घर बांधायचं आणि कुठं नाही हे तुम्ही अधिकाऱ्यांबरोबर पायी फिरून ठरवलंत. सपाटीकरण मी केलं. तुम्ही जिथं थांब म्हणालात तिथं थांबलो, पाणी जायला वरच्या अंगाला चर काढ म्हणालात तिथं चर काढला. तुम्हाला वाटलं असेल, पोरगं सुधारलं. मी आपला फेड करत होतो.

हिमनदीचंही तसंच. तीस वर्षं तुम्ही फळ्यावर हिमनदी काढलीत आणि बर्फ बघितला तो उसाच्या रसवंतीवरचा. म्हणून शमीम आणि मी तुम्हाला काश्मीरला नेलं, सोनमर्गच्या वरच्या हिमनदीपाशी. तुम्ही शमीमचा लाल स्वेटर घातला होता, डोक्याला मफलर आणि पायात नव्या बुटांचा जोड. घोड्यावर बसायला तयार नव्हतात. "त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त दिसतंय," असं म्हणालात. शेवटी बसलात आणि सगळ्या वाटेनं घोड्याची माफी मागत गेलात.

वर पोचलो आणि माझा चेहरा पडला. मला वाटलं होतं पांढरी शुभ्र असेल. ती मळकट, राखाडी, दगडधोंड्यांनी भरलेली. जणू काही कुणी डोंगरात ट्रक रिकामा केलाय.

तुम्ही मात्र टाळी वाजवलीत. खरंच वाजवलीत, शमीम साक्षीला आहे. "हेच ते!" म्हणालात. "हा सगळा दगड तिनं वरून खरवडून आणलाय. बर्फ आहे म्हणून नाही कापत ती, पोटात दगड धरून कापते." एका कातळावरचे लांब ओरखडे तुम्ही मला दाखवलेत, एकाच दिशेनं गेलेले. "ओळखतोस का?" मी ओळखले. माझ्या बकेटचे दात कातळावर घासले की अस्सेच उमटतात.

मग तुम्ही वाकून बर्फाला हात लावलात आणि म्हणालात, "माफ कर हं बाई, मी पोरांना तुला पांढरी सांगत आले."

घोडेवाल्यानं तुम्हाला खालचा एक मोठा धोंडा दाखवला. तो लहान असताना बर्फ तिथवर यायचा. तुम्ही त्या धोंड्यापासून बर्फापर्यंत पावलं मोजत आलात. मोजून झाल्यावर तो आकडा वहीत लिहून घेतलात.

आपण दोघं एका दगडावर बसलो होतो, शमीम फोटो काढायला पुढं गेलेली. मला वाटलं, आता सांगावं. मी म्हणालो, "बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या रस्त्याच्या वेळी..."

तुम्ही हात वर केलात. "शू. ऐक. खालून पाणी वाहतंय." खरंच वाहत होतं, बर्फाच्या पोटात, खोल. आपण ते ऐकत बसलो. शमीम आली. माझं राहिलं ते राहिलंच.

तुम्ही गेल्याचा प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी खोडदला होतो, रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांच्या शेजारच्या एका शेतात बांध नीट करत. तिनं सांगितलं, सकाळी चहा पिताना, खुर्चीतच, त्रास काही झाला नाही. मी मशीन बंद केली. शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "माझ्या बाई गेल्या." त्यानं काही न विचारता मला स्वतःच्या मोटारसायकलवर घरी आणून सोडलं. खोडदला तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं असं मला वाटायचं. वाटेत तो म्हणाला, "भूगोलाच्या भालेराव बाई का? मला बी व्हत्या." बाई, तुम्ही किती जणांना नापास केलंत तो हिशेब कुणी तरी ठेवायला पाहिजे होता.

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारापुढं मांडव घातला होता. त्रिसरण-पंचशील झालं, मग लोक बोलले. माणसं मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत उभी होती. प्रज्ञानं सगळ्यांत शेवटी माझं नाव घेतलं. मी दोन गमतीच्या गोष्टी ठरवून आलो होतो, धोतराची आणि घोड्याची. त्या सांगितल्या, लोक हसले. मग पुढच्या रांगेत मला भोकरवस्ती दिसली. जीप करून आलेली सगळी माणसं, मध्ये हिराबाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

मी सगळं सांगितलं. तुमची रेघ, माझा शब्द, ती बकेट, नवी रेघ, फोनवरचं 'हो बाई'. म्हणालो, "पाऊस लई झाला हे खरंय. पण पायथा मी कापला होता. बाईंना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. वस्तीला सांगायचंही झालं नाही. आज सांगतो. तुम्हाला काय करायचं ते करा." शमीमनं मान खाली घातली होती. तिलाही मी सांगितलेलं नव्हतं.

मग हिराबाई उठली. माईक तिला नको होता.

"लेका, आमाला ठावं हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाईंची रेघ व्हती नागमोडी. तुझी सुतागत सरळ. आन् वरच्या मातीत तुझ्या मशीनचं दात उमटलेलं. बाई दोन दिसांनी, तू नसताना, परत आल्या तवा त्यांनी समदं बघितलं. त्या लई येळ तिथं बसल्या. आमची माणसं तापली व्हती, तुझी गाडी अडवायला निघाली व्हती. बाईंनी अडवलं. म्हणाल्या, आता त्याला तोंडावर धरलं तर तो परत इकडं फिरकायचा न्हाई, आन् पावसाळ्यात आपल्याला तोच लागंल. त्यापरीस बाटलीकडं नजर ठेवा. रोज फोन करा."

मी खाली बसलो, बाई. स्टेजवरच बसलो.

म्हणजे संध्याकाळच्या त्या फोनवरचं खोटं तुम्ही तिसऱ्या दिवशीच पकडलं होतंत. तरी तुम्ही मला मशीन घेऊन बोलावलंत, तरी खांद्यावर हात ठेवलात, तरी माझ्याबरोबर काश्मीरला आलात आणि घोड्यावर बसलात. मला राग आला, खरं सांगतो. एवढी वर्षं मी एकट्यानं ते वागवलं, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर? आता हा वाद कुणाशी घालू?

हिराबाईचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ती स्टेजच्या पायऱ्या चढून वर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मांडीवरची पिशवी उघडली.

"बाई म्हणाल्या व्हत्या, येक दिस ते त्याला जड व्हईल. तवा तो आपणहून सांगंल. मी आसंन न्हाईतर नसंन. तुमी ऐकून घ्या, वरडू नगा. आन् मंग त्याला जेवाया घाला, येवढं बोलल्यावर त्याला भूक लागंल."

फडक्यात तांदळाच्या भाकरी होत्या, नव्या जागेवरच्या खाचरातल्या तांदळाच्या, आणि मिरचीचा ठेचा. मांडवात कुणीतरी हसलं, मग प्रज्ञा हसली, मग शमीमनं डोळे पुसत मला पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी चार भाकरी खाल्ल्या, बाई. सगळ्यांच्या देखत.